आईला कोणती व्हिटॅमिनं देता?

हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, फिजिओथेरपीला थांबलेलं असताना विचारला जातो, कधी रात्री उशिरा फोनवर. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा पार्किन्सन्सचं निदान नुकतंच झालेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दोनच. बी-१२ आणि डी. तीही रक्त तपासल्यावर कमी निघाली म्हणून.

एवढंच? हा पुढचा प्रश्न मला तुमच्या चेहऱ्यावर दिसतो. आजार वाढतच जाणार असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आपल्या हातून काहीतरी व्हावं असं वाटतं, आणि बाटली विकत आणणं आपल्या हातात असतं. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं नुकसान अँटिऑक्सिडंटने, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या घटकाने, थांबेल ही आशा शास्त्रज्ञांनाही होती. अमेरिका-कॅनडात ८०० रुग्णांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व रोज २००० युनिट इतकं देऊन पाहिलं. १९९३ साली निकाल आला: आजार जराही मंदावला नाही. मग को-एन्झाइम क्यू-१० या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटची पाळी. आपल्याकडे मेडिकलमध्ये साधारण १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते. ६०० जणांच्या चाचणीत १२०० आणि २४०० मिलिग्रॅम दिलं, तरी फायदा दिसेना म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. आजाराचा वेग कमी करतं असं सिद्ध झालेलं एकही जीवनसत्त्व आज नाही. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण खोटी आशा तुम्हाला देणार नाही.

बी-१२ चं मात्र मनावर घ्या. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या सिंडोपासारख्या गोळ्यांतलं मुख्य औषध, वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यात आई शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं, हे सगळं आपण पार्किन्सन्सच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. त्यातला काही भाग बी-१२ च्या कमतरतेचा असेल तर तो भरून निघू शकतो. डी हाडांसाठी, कारण या आजारात माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण धरतो. पण ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक लिहून दिलेलं असेल तर ते आठवड्याला एकच. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो.

आता खरं महत्त्वाचं. लोहाची गोळी किंवा लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन लेव्होडोपाबरोबर घेतलं तर लोह त्या औषधाला पोटातच धरून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. आई तासाभराने उठेल म्हणून तुम्ही वाट बघत बसता आणि ती खुर्चीतच जखडलेली राहते. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. डाळ, पनीर, दूध यांतली प्रथिनंही त्या गोळीच्या वाटेत येतात, म्हणून आमच्याकडे गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर नसांनाच इजा होते, आणि ‘नसांच्या ताकदीच्या’ किती गोळ्यांत ते असतं ते वेष्टन उलटून वाचा. कवचबीज चूर्ण, म्हणजे खाजकुइलीच्या बियांची पूड, आयुर्वेदिक आहे म्हणून कुणी निर्धास्तपणे सुचवतं. त्यात लेव्होडोपाच असतं. चालू गोळ्यांवर ते घेणं म्हणजे डोस न मोजता वाढवणं: मळमळ, बीपी उतरणं, हातपाय आपोआप वळवळणं.

क्यू-१० चे पैसे वाचतील ते मी फिजिओथेरपिस्टला देईन. आणि पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत घालून न्या. कुणी प्रेमाने आणून दिलेलीसुद्धा. सोबत कोणती गोळी किती वाजता आणि जेवण किती वाजता हे लिहिलेला कागद न्या, आणि बी-१२ ची तपासणी झाली नसेल तर तिथेच चिठ्ठी मागून घ्या.