आमची वाटचाल: दोन ग्रेंमधला फरक

सुरुवातीला आम्ही नुसतं रंगकाम घ्यायचो. भिंत घासायची, पुट्टी, प्रायमर, दोन कोट, हिशेब, की पुढचं घर. शेड कुठली हा घरमालकाचा प्रश्न. पण काम अडायचं नेमकं तिथेच. शेड कार्डवरच्या दोन फिक्या ग्रेंवर बोट ठेवून लोक विचारायचे, ‘यांत फरक काय हो?’ ‘सारखेच आहेत’ म्हणणारा रंगारी काम संपल्यावर बोलणी खातो. हळूहळू या प्रश्नाचं उत्तर देणं हाच आमचा धंदा झाला.

शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीच्या अग्रीएबल ग्रे आणि रिपोज ग्रे या दोन शेडचंच बघा. रंग किती उजेड परत फेकतो याचं एक माप असतं, एलआरव्ही. ० म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे पांढराशुभ्र. अग्रीएबलचा एलआरव्ही ६०, रिपोजचा ५८. एवढ्यावरून कुणी निवड करू नये. खरा फरक आहे तो झाकेत. अग्रीएबल बेजकडे झुकतो, रिपोज थंड वाटतो आणि कधी कधी त्यात पुसटशी जांभळट झाक दिसते. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ‘ग्रे’च. पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले की लगेच कळतं.

ज्या खोलीत थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, तिथे तो उजेड निळसर असतो. अशा खोलीत रिपोज आणखी थंड पडतो. काहींना तेच आवडतं, मला फारसं नाही. तीच भिंत रात्री २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली पाहिली तर मऊ वाटते. खिडकीबाहेर दाट झाडी असेल, तर दोन्ही शेडवर हिरवट छटा येते.

म्हणून आम्ही जुन्या भिंतीवर पट्टे मारणं बंद केलं. भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. त्याऐवजी मोठ्या बोर्डावर दोन कोट मारतो, कडेला पांढरी पट्टी सोडतो आणि पूर्ण वाळू देतो, कारण ओला रंग वेगळाच दिसतो. मग बोर्ड भिंतीला उभा टेकवून खोलीभर फिरवायचा. आडवा टेबलावर ठेवून बघण्यात अर्थ नाही, त्यावर उजेड वरून पडतो. सकाळी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यावर, तिन्ही वेळा बघायचा. मोबाइलवर फोटो पाठवून ‘कुठला घेऊ?’ विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. कॅमेरा उजेडाची झाक आपणहून दुरुस्त करतो, आणि आपल्याला तर तीच बघायची असते.

रंगकामाची टीम आजही आहे, सल्ल्याचे पैसे मात्र वेगळे. काही जण शेड आमच्याकडून ठरवतात आणि काम दुसऱ्याला देतात. आमची हरकत नाही. फक्त फिनिश बदलणार असाल तर बोर्ड नव्याने करून बघा, असं त्यांना सांगून ठेवतो. मॅटमध्ये पसंत पडलेली शेड सॅटिनच्या चकाकीत तशीच दिसेल असं नाही.