लाईट गेली, उष्णता राहिली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, पावसाळ्यात लाईट जाणं काही नवं नाही. पण भट्टी भरलेली, धातू १४२० अंशांवर आणि अजून एकही साचा ओतलेला नाही, अशा वेळी ती गेली की पोटात गोळा येतो. त्या दुपारी नेमकं तेच झालं. बाहेर आडवा पाऊस, कुठेतरी लाईनवर झाड पडलेलं, आणि भट्टीची घूंघूं एकदम थांबली.

आमच्याकडे खानापूरकडचा एक पोरगा आयटीआय करून नुकताच लागला होता. तो हेल्मेट काढून म्हणाला, "बरं झालं की मामा, भट्टी बंद पडली. जरा बसायला तरी मिळालं." बाकी सगळे पळत सुटले होते. त्याला कळेना, बंद पडलेल्या भट्टीसाठी एवढी पळापळ कशाला.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चूल विझली की स्वयंपाकघर गार होतं, हेच आपण लहानपणापासून बघतो. पण इंडक्शन भट्टीत जाळ नसतोच. मातीच्या अस्तराभोवती तांब्याची कॉइल असते. तिच्यातला प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं आणि आतल्या लोखंडातच वीज फिरायला लागते. लोखंड तिला अडवतं आणि त्यातूनच तापतं. म्हणजे विजेची उष्णता होते ती थेट धातूच्या पोटात. वरून बटण बंद झालं म्हणून ती परत तारेत जात नाही. आमची भट्टी अर्ध्या टनाची. तेवढं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून १४२० अंशांपर्यंत न्यायचं तर धातूत साधारण १८० युनिट उष्णता साठते. माझ्या घरचं बिल महिन्याला नव्वदेक युनिटचं येतं. दोन महिन्यांची घरची लाईट त्या एका भट्टीत लाल होऊन बसली होती, आणि तिला बाहेर पडायला वाट हवी होती.

सर्वांत जवळची वाट कॉइलकडे. कॉइल पोकळ असते, आतून पाणी फिरतं, आणि धातू नि कॉइल यांच्यामध्ये काही इंचांचं अस्तर तेवढं. पंप थांबला की पाणी जागेवर उकळणार, वाफ कोंडणार, पाईप फुटणार. तांबं १०८५ अंशांना वितळतं, धातू त्याहून कितीतरी गरम. म्हणून पहिली धाव छतावरच्या इमर्जन्सी टाकीच्या व्हॉल्व्हकडे. तो हाताने उघडला की पाणी आपल्या वजनानं खाली येतं. ते सकाळी पंपानं वर चढवलेलं, म्हणजे सकाळचीच वीज उंचीच्या रूपात टाकीत शिल्लक होती. शरावतीवर लिंगनमक्कीच्या धरणात हेच चालतं, फक्त उलट दिशेनं: उन्हानं समुद्राचं पाणी वर नेलेलं, घाटावर पडलेलं, आणि खाली येताना टर्बाइन फिरवणारं.

तेवढ्यात जनरेटर सुरू झाला. पण तो पंप, भट्टी कलंडवायचं हायड्रॉलिक आणि दोन-चार दिवे एवढंच ओढतो. भट्टीला साडेतीनशे किलोवॅट लागतात. धातू परत तापवणं शक्य नव्हतं. भट्टीवर झाकण ओढलं, कारण एवढ्या तापमानाला उघड्या तोंडातून उष्णता हवेपेक्षा किरणांनीच जास्त निघून जाते. चेहऱ्याला दुरूनच चटका बसतो तो त्याचाच.

ओतायला घाई करावी लागते त्याला आणखी एक कारण आहे. धातू भट्टीतच थिजला, तर पुन्हा वितळवताना वर घट्ट पापुद्रा आणि खाली पातळ धातू अशी अवस्था होऊ शकते. खालचा धातू तापत, फुगत जातो, वायू कोंडतात आणि वरचं बूच उडतं. हा प्रकार ऐकलेले लोक झाकणाजवळ बोलतसुद्धा नाहीत.

जाड कास्टिंगचे साचे आधी ओतले. पातळ भिंतींच्या व्हॉल्व्ह बॉडी सोडून दिल्या. १३०० च्या खाली धातू त्यांच्या कोपऱ्यांत पोचत नाही, अर्धवट भरतात. उरलेला पिगच्या, म्हणजे पुन्हा वितळवायच्या ठोकळ्यांच्या, साच्यांत ओतायचा ठरला. पोरगा मदतीला धावला आणि दाराजवळचे लोखंडी साचे ओढून आणायला लागला. गोकाककडचा आमचा मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा, धातू ओतायची लॅडल (मोठा डाव) धरून होता, तो जागेवरूनच ओरडला, "निल्लो! नीर ऐती!" थांब, पाणी आहे. पावसाचे शिंतोडे आत गेलेले. तळाशी ओंजळभरही नसेल.

एक लिटर पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे लिटर जागा लागते. गॅसवरच्या पातेल्यात हे हळूहळू होतं, वाफेला निघून जायला वेळ मिळतो. वितळलेल्या लोखंडाखाली ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि वाफ बाहेर पडताना वरचा धातू छतापर्यंत उडवते. बर्नर लावून साचे कोरडेच नव्हे, हात लागणार नाही इतके गरम केले, मगच ओतले. घाई होती तरी. मेल्टरची ती शिस्त मला फार मोलाची वाटते. आमच्याकडे बोर्डावर लिहिलेल्या सूचना कोणी वाचत नाही, त्याच्या ओरडण्याला मात्र अख्खं शेड थांबतं.

पोरगा गप्प झाला होता, पण डोकं चालू होतं. म्हणाला, "मामा, वाळूच्या साच्यात पण पाणी असतंय की. आम्हीच मिसळतोय. ते का उडत नाही?" प्रश्न बरोबर होता. वाळूत शेकडा तीन-चार टक्के पाणी असतंच. पण वाळूच्या कणांमध्ये फटी असतात, वर आम्ही सळईनं भोकं पाडतो, वाफ तिथून निघून जाते. लोखंडी साच्याला फटी नाहीत. पाणी तेच, वाफही तीच, फरक वाटेचा.

धातू गार होतानाचं तापमान दाखवणाऱ्या सीई मीटरचा कप शेवटच्या धातूनं मुद्दाम त्याच्यासमोर भरला. आकडा भराभर उतरला, ११५० च्या आसपास येऊन थांबला आणि थांबूनच राहिला. "मीटर अडकला काय की," म्हणून तो बटण दाबायला गेला. मीटर ठीक होता. त्या क्षणाला कपात बीड घट्ट होत होतं. वितळताना धातूनं जास्तीची उष्णता गिळलेली असते, तापमान न वाढवता. घट्ट होताना ती परत बाहेर टाकतो, म्हणून उष्णता निघत असते तरी आकडा हलत नाही. जोसेफ ब्लॅकनं अठराव्या शतकात बर्फावर प्रयोग करून हीच गोष्ट ओळखली. आमच्या अर्ध्या टनात ही लपलेली उष्णता तीस-पस्तीस युनिट भरते. कपातलं बीड पूर्ण घट्ट झालं आणि आकडा पुन्हा उतरायला लागला.

लाईट संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी कास्टिंग आणि पिग तोलले, तर घातलेल्या मालापेक्षा वजन कमी. ऑफिसात याला "लॉस" म्हणतात. खरं तर काही लोखंड ऑक्सिजन घेऊन स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीत, गेलं होतं, थोडा कार्बन वायू होऊन धुराड्याकडे, थोडे थेंब जमिनीवर. पण स्लॅगच्या ढिगाला काटा लावायला कुणाला वेळ नसतो.

पिग पुन्हा भट्टीत घातले. त्यांच्यासाठी वीज नव्यानं विकत घ्यावी लागली, कारण आदल्या दिवशीची उष्णता शेडच्या हवेत आणि कूलिंग टॉवरच्या पाण्यात पसरली होती. पोरगा विचारत होता, ती परत गोळा नाही का करता येत. संपली नाही हे खरं, पण चाळीस अंशांच्या पाण्यात पसरलेल्या उष्णतेनं लोखंड वितळत नाही. फार तर आंघोळीला पुरेल. काही मोठ्या कारखान्यांत धुराड्याच्या उष्णतेवर स्क्रॅप आधी तापवून घेतात. आमच्या मालकांकडे मी तो विषय काढला. त्यांनी आधी छताच्या गळक्या पत्र्यांचा खर्च विचारला, आणि साचे भिजले होते ते त्याच पत्र्यांखाली, म्हणून मीही पहिलं कोटेशन पत्र्यांचंच मागवलं.