लोन फिटलं, पण घराचे कागद कुठेत?

बाबांनी २००४ मध्ये भांडुपच्या घरासाठी वीस वर्षांचं लोन घेतलं होतं, फ्लोटिंग रेटचं, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं. म्हणजे २०२४ ला संपायला हवं होतं ना, संपलं २०२५ च्या मार्चमध्ये. मधे रेट वाढले तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि आम्हाला धड कळवलंही नाही, बाबा म्हणायचे हप्ता वाढला नाही ना मग झालं. पण हप्ता तोच राहिला की त्यातला जास्त भाग व्याजातच जातो आणि मुद्दल हलतच नाही. ऑगस्ट २०२३ च्या सर्क्युलरमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की रेट बदलला की हप्ता किंवा मुदत किती बदलणार ते कर्जदाराला लगेच कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्यायचं. आम्हाला फार उशिरा समजलं.

खरा त्रास पुढे झाला. नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र मिळालं, फाईल मिळाली, बाबांनी बँकेतच टेबलावर एकेक कागद काढून बघितला. अ‍ॅग्रीमेंट होतं, आधीच्या मालकाचं अ‍ॅग्रीमेंट होतं, स्टॅम्प ड्युटीची पावती होती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नव्हतं. ऑफिसर म्हणाले, "काका, ते आमच्याकडे आलंच नसेल." बाबांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून २००४ ची कागदांची यादी काढली, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण सात नंबरला शेअर सर्टिफिकेट लिहिलेलं आणि खाली बँकेचा शिक्का. मग ऑफिसर काही बोललेच नाहीत.

त्याच दिवशी अर्ज दिला आणि पोच घेतली. तोंडी अजिबात सोडू नका हो. १३ सप्टेंबर २०२३ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, लोन पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. कागद हरवलेच असतील तर डुप्लिकेट काढायला मदत आणि खर्च दोन्ही बँकेकडे, फक्त त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. सेरसायवर, म्हणजे गहाण मालमत्तांची नोंद असते त्या केंद्रीय रजिस्टरवर, बोजा निघाला का तेही बघा आणि सोसायटीत नो ड्यूज देऊन रजिस्टरमधलं बँकेचं नाव काढून घ्या, विकताना नाहीतर तिथेच अडतं.

आमचं सर्टिफिकेट हरवलं नव्हतंच, दुसऱ्याच फाईलमध्ये होतं, एकेचाळिसाव्या दिवशी मिळालं. अकरा दिवसांचे ५५,००० होतात. बँक द्यायला तयार नाही, म्हणते कागद मिळाले ना आता. मिळाले, पण एकवीस वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाला त्या अकरा दिवसांत झोप नव्हती, आणि आमचा हप्ता एक दिवस लेट झाला असता तर त्यांनी दंड सोडला असता का? लेखी तक्रार दिलीय, ३० दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन टाकणार, त्याला फी नाही. बाबांनी यादीची झेरॉक्स काढून ठेवलीय.