ट्रेलर कोरडा, होडी वर: हतनूरच्या गाळाचा तिढा सुटला (बहुतेक)

मंडळी, परवा आमची होडी ‘मुक्ताई’ पाण्याबाहेर आली आणि ट्रेलरची चाकं कोरडी राहिली! मागच्या नोंदी वाचलेल्यांना यातलं सुख कळेल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की पावसाळा सरल्यापासून हतनूर धरणाच्या फुगवट्यावर आम्ही होडी कमी वल्हवली आणि ट्रेलर जास्त उपसला.

तापी-पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात आणि दोघींचा गाळ धरणात बसतो. पावसाळ्यात ४१ दरवाज्यांतून कितीही पाणी गेलं, तरी आमच्या काठाचा गाळ काठालाच. पाणी उतरलं की काँक्रीट संपतं तिथून पुढे नुसता काळा चिखल. वरून पापुद्रा धरलेला, पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत.

आता हिशोब बघा. ट्रेलरचे पाट (ज्यांवर होडी टेकते ते) जमिनीपासून दीड फूट, होडीला तरंगायला अर्धा फूट पाणी. म्हणजे मागच्या टोकाशी दोन फूट पाणी हवं. आठ फुटांना एक फूट उतार असेल तर सोळा फूट आत गेलं की काम झालं. बोट उतरवायच्या रॅम्पला १२ ते १५ टक्के उतार बरा मानतात तो यासाठीच. त्याहून सपाट असला तर ट्रेलर फार आत न्यावा लागतो, फार तिरपा असला तर गाडी घसरते. आमच्या काठावर पंधरा फुटांना जेमतेम एक फूट. म्हणजे तीस फूट आत, आणि काँक्रीट निम्म्यातच संपलेलं. चाकं रुतायचीच.

रुतण्यापेक्षा वाईट म्हणजे घाट अडतो. उतरायला जागा ती एकच. सकाळी भोई मंडळी रात्रीची जाळी काढून तिथेच लागतात, वर बर्फाच्या पेट्या घेऊन पिकअप उभी असते. आपला ट्रेलर मधोमध रुतला की त्यांचा माल उन्हात. आपण हौसेला येतो, त्यांचं पोट आहे. कोणी शिवी दिली नाही हा त्यांचा चांगुलपणा.

तोडगा तिथल्याच एका आबांनी दिला. जाळं सांधत बसले होते. म्हणाले, “लोखंड पाण्यात कायले नेता भाऊ? नाव ओढा ना.” आणि शेजारच्या बांधाकडे बोट दाखवलं. घड कापून झालेल्या केळीच्या खांबांचा तिथे ढीग! रावेर-यावल पट्ट्यात याला तोटा नाही, शेतकरी उलट घेऊन जा म्हणतो.

आधी खांब आडवे टाकले, रूळ म्हणून. ते चिखलात दबतात, नाहीतर गरगर फिरून होडीला तिरकी करतात. मग उभे चिरले. वाळकी सोपटं काढायची, चिरलेली बाजू खाली, गोल बाजू वर, आणि वर बादलीभर पाणी. खांब ना फिरतो, ना रुततो, आणि होडीचा तळ असा सरकतो की विंचला (हँडल फिरवून होडी ओढायच्या चरकाला) जोरच लागत नाही. खांबांच्या दोन रांगा, मधून होडीचा कणा. ट्रेलर वर मुरुमावर, चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दोघांत होडी वर. चाकाचा गरम हब (बेअरिंग असतात तो मधला भाग) थंड पाण्यात बुडाला की आत पाणी शोषून घेतो आणि ग्रीसचं ताक होतं, ती बेअरिंगची कटकटही गेली.

केळीचा चीक मात्र कपड्यावरून या जन्मी जात नाही. जुने कपडे घाला.

विंचबद्दल थोडं. दुकानदाराने माझ्या गळ्यात वायर रोप मारायचा प्रयत्न केला, मी पट्टाच घेतला आणि समाधानी आहे. वायरचे तुटके धागे हातात घुसतात. नायलॉनचा दोर तर नकोच; तो ताणतो, आणि तुटला की उलटा येतो तो थेट माणसावर. पट्टा असला तरी ओढताना त्यावर ओलं गोणपाट टाकतो आणि दोराच्या रेषेत कोणाला उभं राहू देत नाही. ही होडी बघायला पोरं हमखास जमतात. एका माणसाचं काम फक्त त्यांना लांब ठेवायचं. आणि हँडल सुटू द्यायचं नाही, खटका लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तर नाहीच. फिरतं हँडल मनगट मोडतं.

बाकी तयारी सगळी वर, बाभळीखाली: होडीच्या तळाच्या भोकाला बुच बसवणं, वल्ही, सामान, लाइफ जॅकेट अंगात. घाटावर गेलं की फक्त सोडायचं आणि बाजूला व्हायचं. विंचचा हूक होडी पूर्ण तरंगेपर्यंत काढायचा नाही. सकाळची मासळी उचलून झाल्यावरच आमचा नंबर, असं ठरवून टाकलंय. संध्याकाळी परतताना गाडीचे हेडलाइट बंद, कारण समोरून वल्हवत येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड आला तर त्याला काठच दिसत नाही. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, बाटल्या दिसल्या की खाली जाळं आहे. तेवढं ओलांडेपर्यंत मोटर वर, हातात वल्हं. आणि दरवाजे उघडायचा इशारा असेल त्या दिवशी घरी बसून इपॉक्सी घासायचं.

खांबांची एकच अडचण: ते तरंगतात. होडी निघाली की पाण्यातले सुटे होतात आणि वाहत जाऊन जाळ्यात अडकतात. म्हणून सगळे मोजून गोळा करतो, वर आणून टाकतो. यात होडी ओढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पुढच्या वेळी त्यांना दोरीने एकत्र बांधून खुंटी मारणार होतो.

होतो, कारण हे लिहिताना दुसरंच सुचलं. जळगावात ठिबकचा धंदा एवढा, एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपचे तुकडे भंगारात मिळतातच. तोच पाइप उभा कापला, गोल बाजू वर ठेवली, टोकाला भोक पाडून लोखंडी खुंटी ठोकली तर? चीक नाही, कुजत नाही, ट्रेलरवर बांधून नेता येतो. तोही पाण्यावर तरंगतो, पण खुंटी असल्यावर जातो कुठे. फक्त पातळ असला तर होडीखाली चपटा होईल, म्हणून जाड भिंतीचाच हवा. दहा फुटांचे चार तुकडे, ११० मिमीच्या आसपास. भुसावळ-जळगावकडे कोणाच्या शेतात पडून असतील तर सांगा, रविवारी येऊन घेऊन जातो.