'गायरडीद' म्हणायला हवं होतं

समितीपुढे साक्ष द्यायला येणाऱ्या बाईनं फॉर्मवर 'इंग्रजी'पुढे टिक केली होती. गाव उत्तर वेल्समधल्या कायरनार्वनजवळचं, आडनाव अस्सल वेल्श, आणि काम स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल. त्या भागात लोक दुकानात दूधसुद्धा वेल्शमध्येच मागतात. मग समितीपुढे इंग्रजी कशाला? पण फॉर्म तो फॉर्म. मी फाईलमध्ये 'इंग्रजी' लिहून मोकळी झाले.

सेनेद म्हणजे वेल्सची विधानसभा, कार्डिफ बेच्या काठावरची. 2012च्या कायद्यानं तिथल्या कामकाजात वेल्श आणि इंग्रजी दोन्ही अधिकृत आणि बरोबरीच्या ठरल्या. समितीपुढे साक्ष द्यायला येणाऱ्यांची सोय बघणं हे माझं काम: कोणती भाषा, हेडसेट चालतोय का, पाणी कुठे. 2021च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे सुमारे 5,38,000, म्हणजे 17.8 टक्के. मी त्यात नाही. मी अकोल्याची, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्श शिकणारी.

ही भाषा शिकताना नाकी नऊ येतात. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं शेपूट बदलतं, घोडा-घोड्याला. यांच्याकडे तोंडच बदलतं. देशाचं नाव 'कम्री', पण 'वेल्सला' म्हणताना 'गम्री' आणि 'वेल्समध्ये' म्हणताना 'ङम्री'. शाळेत क ख ग घ ङ घोकताना या ङ चं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. तो शब्दाच्या सुरुवातीला भेटला तो थेट इथे.

तर ती बाई आदल्या दिवशीच आली होती. उत्तर वेल्सहून कार्डिफला रेल्वेनं यायचं तर चार-साडेचार तास, आणि गंमत म्हणजे वाटेत इंग्लंडमधून जावं लागतं. साठीच्या आसपासची, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. मी तिला घ्यायला स्वागतकक्षात गेले आणि पाठ केलेलं वाक्य टाकलं: "क्रोइसो इ कायरडीद." कार्डिफमध्ये स्वागत.

ती हसली. "गायरडीद," म्हणाली. आणि लगेच ओशाळली, "सॉरी, मी कोण चुका काढणारी? माझीच कम्राइग कुठे धड आहे." कम्राइग म्हणजे वेल्श भाषा.

तेव्हा मला त्या टिकचा अर्थ लागला. जिना उतरताना ती बोलतच होती. माझी भाषा स्वयंपाकघरातली, निम्मे शब्द इंग्रजी, हे सगळं थेट प्रक्षेपित होतं, कॉलेजात शिकलेले लोक ऐकतील. मला पुण्यातलं पहिलं वर्ष आठवलं. मी "काय करून राहिली?" म्हटलं की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. महिन्याभरात मी 'काय करते आहेस' शिकले, आणि त्यानंतर बराच काळ फारसं काही बोललेच नाही.

"बदलता येतं," मी सांगितलं. "आत्तासुद्धा." दुभाषी तर बूथमध्ये असतातच; सदस्यांपैकी कुणीही कधीही वेल्श सुरू करू शकतं. ती म्हणाली, बघते.

खरी अडचण मला ठाऊक होती. दुभाष्या वेल्शचं इंग्रजी करतो. त्यामुळे कुणी वेल्शमध्ये तोंड उघडलं की समोरची निम्मी माणसं हेडसेट शोधायला लागतात. वायर गुंतते, कुणी पहिलं चॅनल लावत बसतं. त्यात कुणाचाच अपमानाचा हेतू नसतो. पण बोलणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की आपल्यामुळे सगळ्यांची तारांबळ उडाली. मग दुसरं वाक्य इंग्रजीत येतं. मी चिठ्ठी लिहून क्लार्ककडे दिली, क्लार्कनं अध्यक्षांकडे. पहिल्या प्रश्नाआधीच सगळ्यांच्या कानांवर हेडसेट चढले.

तिनं एकदा बूथकडे पाहिलं आणि वेल्शमध्ये सुरुवात केली.

पहिली दोन मिनिटं कागदावरची. मग कागद खाली गेला. तिनं ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकरी बाईबद्दल सांगितलं. जन्मभर बँकेत, दवाखान्यात इंग्रजी बोललेली बाई. आजारानं आधी ती इंग्रजी नेली. पुष्कळांचं असंच होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. एका रात्री ड्यूटीवर एजन्सीची नर्स होती, चांगली पोरगी, पण दक्षिणेकडची, वेल्श न येणारी. म्हातारी रात्रभर एकच म्हणत होती, "माइन ब्रिवो, माइन ब्रिवो." दुखतंय. सकाळच्या नोंदीत होतं: अस्वस्थ, असंबद्ध बडबड.

एका सदस्यानं इंग्रजीत विचारलं, आता रात्रपाळीला वेल्श येणारं कुणी असतं का?

"नाग ओइस."

वेल्शमध्ये सगळ्या प्रश्नांना चालणारं एक 'हो' किंवा 'नाही' नाही. क्रियापदच परत करायचं, आपण 'जेवलीस का'ला 'जेवले' म्हणतो तसं. 'नाग ओइस' म्हणजे 'नसतं'. कानात दुभाष्याचं "नो" आलं. समितीच्या कामकाजाच्या नोंदीत साक्षीदाराचे मूळ शब्द छापतात आणि सोबत दुभाष्याचे शब्दही. तेव्हा ते "नो"ही छापलं जाणार होतं.

मग 'मुई ना गेर्याइ'चा विषय निघाला. आरोग्यसेवेत रुग्णानं मागण्याआधीच त्याला वेल्श द्या, असं सांगणारं हे सरकारचं 2012पासूनचं धोरण. ती म्हणाली, आमच्या भरतीच्या फॉर्मवर तो प्रश्न आहे ना, टिक करायची असते. काही जण हसले. मी माझ्या फाईलकडे बघत बसले.

नंतर कँटीनमध्ये मी विचारलं, "डिश्गलेड?"

"पनड," ती म्हणाली. चहाच तो, पण दक्षिणेत डिश्गलेड, उत्तरेत पनड. 'आत्ता'ची तर मजाच आहे: तिचा 'रुअन' आणि माझ्या वर्गातला 'नाउर' वेल्श लिपीत एकमेकांची उलटी अक्षरं. आतापर्यंत ती मला 'खी' म्हणजे तुम्ही म्हणत होती, आता 'ती' म्हणायला लागली. त्यांचं 'ती' म्हणजे आपलं तू.

"माइन ब्रिवोला तुमच्याकडे काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"दुखतंय," मी म्हणाले. तिनं घोळवून पाहिलं. तिचा ख घशातून आला, माझ्यापेक्षा खणखणीत.

"नाही, थांबा," मी म्हटलं. "आमच्या घरी तसं नाही म्हणत. आमच्याकडे म्हणतात, दुखून राहिलं."