मिरची घरी येईपर्यंत

साप पाळायचाय हे मी पहिल्यांदा बोललो ते आमच्या गल्लीत येणाऱ्या सर्पमित्र काकांजवळ, आणि तेही नको त्या वेळी. त्यांच्या हातात तेव्हा सहा-साडेसहा फुटांची धामण होती, शेजाऱ्यांच्या कडब्यातून काढलेली. मी म्हटलं, "काका, हिलाच द्या ना मला." त्यांनी धामण पिशवीत सोडली, गाठ मारली आणि मग माझ्याकडे बघितलं. "1972 चा वन्यजीव कायदा ऐकलाय का? ही तुझ्या घरात सापडली तर तू आत, आणि दिली म्हणून मी पण आत."

आपल्याकडची धामण असो, अजगर असो की मांडूळ, कायद्याने संरक्षित. पाळता येईल असा साप बाहेरच्या देशातला आणि माणसाच्या हाताखालीच जन्मलेला हवा, एवढं त्या दिवशी कळलं. अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात पाणबुडी मोटारींची रांग असते, पण दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या वेळात वाचत बसलो.

नवख्या माणसासाठी तीन नावं सारखी पुढे येत होती. पहिलं बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला, घाबरला की स्वतःचाच चेंडू करून बसणारा, स्वभावाने गरीब. पण रुसला तर दोन-दोन महिने खात नाही, आणि त्याला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात दोरीवर टाकलेलं धोतर दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाळतं. शिवाय तो साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आली. नोंदणीची मला अडचण नव्हती. अडचण आईची होती. 'पायथन'चं मराठी तिला माहीत आहे.

दुसरा केनियन सँड बोआ. यादीत हाही आहे, पण नर जेमतेम दीड फुटाचा, मातीत तोंड खुपसून पडून राहणारा, जागाही कमी लागते. कागदावर हाच सगळ्यात सोयीचा. पण खान्देशात आखूड शेपटीचा, जाडसर, मातीत राहणारा साप म्हणजे लोकांच्या लेखी एकच, दुतोंड्या मांडूळ. गुप्तधन दाखवतो, लाखांत विकला जातो, या खुळापायी बिचाऱ्या मांडुळांची तस्करी चालते, आणि पकडलेल्यांची बातमी पेपरात येतच असते. माझ्याकडे मांडूळ आहे अशी आवई एकदा उठली की माझे कागद कोण वाचत बसणार? आधी पोलीस येतील, नाहीतर त्याहून वाईट, गिऱ्हाईक येतील. सोडला.

उरला कॉर्न स्नेक. अमेरिकेतला, बिनविषारी, धामणीचा लांबचा भाऊबंदच म्हणा. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट, पण अंगाने सडपातळ. साइटीसच्या यादीत नाही. खायला सहसा नाही म्हणत नाही, हातात शांत राहतो. खोड एकच, फट दिसली की पसार. आणि पंधरा-वीस वर्षं जगतो. मी तेव्हा सत्तावीसचा होतो, म्हणजे हा जाईल तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली असेन. लग्नाच्या स्थळांना हे सांगायचं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

तरी लगेच घेतला नाही, आणि माझ्या हातून झालेलं शहाणपणाचं काम हेच. परदेशी व्हिडिओंत सगळे सापाला ऊब कशी द्यायची ते सांगतात, दिवे काय, हीट मॅट काय. त्याला डब्याच्या एका टोकाला 29-30 अंश आणि दुसऱ्या टोकाला 24-25 लागतात, आणि 35 च्या वर जिवाला धोका. अमळनेरात मे महिन्यात प्रश्न उलटा आहे. मी साप आणायच्या आधी थर्मामीटर आणला आणि 2024 चा अख्खा मे घरात फिरवला. दुपारी तीनला माझ्या पत्र्याच्या खोलीत 41. स्लॅबच्या हॉलमध्ये 38, कूलर लावून 33. आणि मागच्या अंगाला आजीच्या धाब्याच्या खोलीत 31.

ती खोली माझ्या पणजोबांनी बांधलेली. दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर काड्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडकीला ओलं गोणपाट टांगलं तर 28 वर यायची. आम्ही पोरांनी त्या खोलीला जुनाट म्हणून कायम नावं ठेवली होती. आजीशी बोलणी केली. तिने विचारलं, "चावस का?" म्हटलं, चावला तरी विष नाही. "दूध पेस का?" म्हटलं, कुठलाच साप दूध पीत नाही, पाणी पितो. यावर तिचा विश्वास बसला नाही, पण खोली मिळाली. अट एकच, डबा देवघराखाली नको.

थंडीची सोय सोपी होती. डिसेंबरात आमच्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मॅट लागतेच. कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनला असतो तोच डिजिटल थर्मोस्टॅट तिला जोडला. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, साप खालून भाजतो आणि हलतही नाही. झाकणाला क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा घेतला, सोल्डरिंगच्या बंदुकीने भोकं पाडली, सापाच्या डोक्याहून बारीक.

विकणाऱ्यांपैकी पहिल्याने फोनवर फोटो पाठवले आणि कुरिअरने पाठवतो म्हणाला. जिवंत जनावर पार्सलमध्ये! खाताना दाखवा म्हटलं तर उत्तर येईना. दुसरा पुण्याचा, स्वतः पिल्लं काढणारा. त्याच्याकडे प्रत्येक पिल्लाच्या नावाने वही होती, कधी खाल्लं, कधी कात टाकली. त्याने समोर खाऊ घालून दाखवलं. चिमट्यात धरलेलं उंदराचं बिनकेसांचं पिल्लू त्या पेन्सिलीएवढ्या जिवाने झडप घालून धरलं, दोन वेटोळे मारले आणि डोक्याकडून गिळायला लागला. मी डोळे स्वच्छ आहेत का, तोंड उघडं टाकून श्वास घेत नाही ना, खवल्यांत बारीक काळ्या गोचिड्या नाहीत ना, हे बघितलं. सात वेळा खाल्लेलं पिल्लू निवडलं, केशरी-पांढरं, लाल डोळ्यांचं. रंग आवडला हे खरंच, पण हिशेबही होता. असा साप खान्देशात नाही. निसटला तरी तो माझाच हे कुणीही सांगेल. बिल घेतलं, कापडी पिशवीत घालून मित्राच्या गाडीने रात्रभर आणला. नाव मिरची.

आणि पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. पाच-सात दिवस हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. पण अख्खी गल्ली बघायला आली, मीही मिरवत बसलो. तिसऱ्या दिवशी खाऊ घातलं आणि संध्याकाळी मावसभावाच्या हातात दिला. सकाळी डब्यात अर्धवट पचलेला उंदीर पडलेला, आणि वास असा की आजीने उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. पुण्याला फोन केला. दहा-बारा दिवस काही देऊ नको, डब्यावर फडकं टाक आणि तोंड बंद ठेव, म्हणाला. शेवटचा सल्ला गल्लीबाबत होता. त्यानंतर नेहमीपेक्षा लहान पिल्लू दिलं, ते टिकलं. आता खाल्ल्यावर दोन दिवस कुणीही आलं तरी डबा उघडत नाही. उंदरांसाठी जुना छोटा फ्रिज दुकानात ठेवलाय. आई त्याच्याकडे बघत नाही.

2025 च्या मेमध्ये गोणपाट दिवसातून चारदा भिजवलं. लाइट गेली तरी खोली तापली नाही. कात मात्र कोरड्या हवेने तुकड्यातुकड्यांत निघाली आणि शेपटीच्या टोकाला कडं अडकलं. ते तसंच राहिलं तर रक्त थांबून टोक झडतं. कोमट पाण्याच्या ओल्या कापडातून त्याला हळूहळू सरकू दिलं, तेव्हा कडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं कापडावर राहिलं. आता डोळे दुधाळ दिसले, म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली, की डब्यात ओल्या शेवाळाची डबी ठेवतो, कात सलग निघते.

मिरची आता पावणेतीन फुटांचा झालाय, म्हणून चार फुटांची पेटी सुताराला सांगितली. कशाला म्हणाला, तर कोंबड्यांना म्हटलं. त्याने माप घेतलं, मी सरकत्या काचेची फट पाच मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितली, वर कुलूपही. पेन्सिल कानाला लावून तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, असली कोणती कोंबडी आणली?"