बाबांचा चहा

बाबांचं हृदय बंद पडून परत सुरू झालं, आठवडाभराने शुद्धीवर आले, आम्ही पेढे आणणार तेवढ्यात हे झटके सुरू. गंमत म्हणजे (गंमत कसली डोंबलाची) हात मांडीवर ठेवून बसले की फारसं काही नाही, झोपेत तर नाहीच, पण कप उचलायला गेले की हात असा उडतो की चहा थेट भिंतीवर. आधी कुणी फिट्स म्हणालं, कुणी म्हणालं घाबरलेत, शेवटी न्यूरोवाल्या मॅडमनी नाव सांगितलं, लान्स-अ‍ॅडम्स सिंड्रोम, १९६३ साली त्या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं, मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होतं.

क्लोनाझेपाम आणि लेव्हेटिरासिटाम चालू आहे, गोळ्यांनी पेंगतात म्हणून फिजिओ सकाळीच उरकतो. उभं राहताना पायातला जोर क्षणभर सुटतो, त्यामुळे कमरेला पट्टा आणि पट्टा धरून मागे मी. कुकरच्या शिट्टीनेही उडतात, आई आता डाळ पातेल्यात शिजवते.

काल जड बुडाचा स्टीलचा पेला, अर्धाच भरलेला, कोपरं टेबलावर टेकवून दोन घोट स्वतःच्या हाताने प्यायले. तिसरा माझ्या शर्टावर.